बोटीतून उतरल्यावर

(मुळशी येथील युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



मला विषय दिलाय समुद्रप्रवास आणि मराठी नवसाहित्य. पाटीवर विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हसू येणारच. सह्याद्रीच्या कुशीत, धरणाच्या काठावर, भाताच्या खाचरांमध्ये बसून समुद्राच्या गप्पा! पण ज्यांनी विषय ठेवला त्यांना डोकं आहे. कारण समुद्राचा आणि मुळशीचा संबंध पक्का आहे. तिथूनच सुरू करतो.

ही मुळा नदी. हिचा जन्मजात रस्ता पूर्वेला. पुण्यात मुठा भेटायची, पुढे भीमा, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांच्या कंपनीने इथं धरण बांधलं आणि या पाण्याचं तोंड फिरवलं. डोंगरातून बोगद्याने पाणी घाटमाथ्यावर न्यायचं, तिथून नळातून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, चाकं फिरवायची, वीज काढायची आणि वापरलेलं पाणी कुंडलिकेत. कुंडलिका जाते अरबी समुद्राला. म्हणजे मुळशीच्या पाण्याने समुद्र बदलला. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. भिऱ्याचं केंद्र सुरू झालं १९२७ साली.

१९२१ सालच्या रामनवमीला इथं सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढे होते. विनायकराव भुस्कुटे होते. मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसले. शाळेच्या पुस्तकात एवढंच येतं. पुस्तकात येत नाही ते असं, की कागदावर नाव पुण्याच्या सावकाराचं आणि नांगर कुळाचा, अशी पुष्कळ जमीन होती. मोबदल्याचा रेट जमला तसे सावकार गार झाले. कुळ उरलं पाण्यात. आणि ज्याचं नाव कागदावरही नाही आणि नांगरावरही नाही, जो गावकुसाबाहेर राहून गावाची कामं करत होता, त्याला मोबदला कशाचा द्यायचा? गाव बुडालं तेव्हा गावकूसही बुडालं, पण गावकुसाबाहेरचा माणूस बाहेरचाच राहिला.

सेनापती बापट स्वतः १९०४ साली शिष्यवृत्तीवर बोटीने एडिंबरोला गेलेले. तिकडे राजकीय भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती गेली. परत आले ते बॉम्बची विद्या शिकून. बोटीने माणसाला काय काय होतं, याचं हे पहिलं उदाहरण धरा.

आता समुद्र ओलांडायचा म्हणजे काय? धर्मशास्त्राने समुद्रबंदी घातली होती. समुद्र ओलांडला की जात बाटते. परत आलात की प्रायश्चित्त घ्या, गोमूत्र प्या, दक्षिणा द्या. आपल्याला या भानगडीचं हसू येतं. ज्याची सावली बाटवते असं म्हणतात, त्याला समुद्र काय आणखी बाटवणार? पण नीट विचार करा. समुद्र जात बाटवतो याचा सरळ अर्थ, समुद्रावर जात टिकत नाही. ही गोष्ट भटांना आपल्या आधी कळली होती, म्हणून त्यांनी बंदी घातली. १८८३ साली पंडिता रमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या आणि पुढे अमेरिकेला. अमेरिकेवर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिलं, ते १८८९ साली आलं. लोकशाही, बायकांची स्थिती, गुलामगिरी, सगळं त्यात आहे. जिच्यावर धर्माची बंदी दुहेरी, तीच बाई परतून आल्यावर सगळ्यात स्पष्ट बोलते.

तर मर्ढेकर. बाळ सीताराम मर्ढेकर. जन्म १ डिसेंबर १९०९, खानदेशात फैजपूरला. फर्ग्युसनला शिकले आणि १९२९ साली आयसीएससाठी इंग्लंडला गेले. विमान नव्हतं. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून बोट सुटायची. एडन, मग तांबडा समुद्र, सुएझचा कालवा, पोर्ट सैद, मग मार्सेय. दोन आठवडे मार्सेयपर्यंत, पुढे लंडन. वरच्या डेकवर पहिल्या वर्गाचे साहेब, त्याखाली दुसऱ्या वर्गाचे प्रवासी, आणि सगळ्यात तळाशी, इंजिनाच्या पोटात, कोळसा ओढणारे खलाशी. बोट म्हणजे तरंगतं गाव. त्यालाही गावकूस होतं. फक्त तिथं ते उभं होतं, मजल्यामजल्याने खाली जाणारं.

मर्ढेकर चारेक वर्षं इंग्लंडात राहिले. आयसीएस काही झालं नाही, आणि मराठीचं नशीब म्हणून झालं नाही. नाहीतर कुठल्यातरी जिल्ह्याचा कलेक्टर झाला असता तो माणूस. हातात काय आलं? मंदीत सापडलेला युरोप पाहिला. १९२२ साली एलियटची 'द वेस्ट लँड' आणि जॉइसची 'युलिसिस' ही दोन पुस्तकं आली होती आणि तिकडच्या साहित्याची जमीन हलली होती. मर्ढेकर गेले ते त्या हललेल्या जमिनीवर. क्लाइव्ह बेल, रॉजर फ्राय ही मंडळी चित्रात विषय काय यापेक्षा आकार काय यावर भांडत होती. ते भांडण मर्ढेकरांनी डोक्यात भरून आणलं. १९३७ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक 'आर्ट्स अँड मॅन' लंडनला निघालं.

आता इथं लक्ष द्या. प्राध्यापक लोक शिकवतात की मर्ढेकर इंग्लंडला गेले, एलियट वाचला, परत येऊन नवकविता लिहिली. संपलं. बोट म्हणजे जणू नळ, तिकडे ओतलं की इकडे पडतं. पण तारखा बघा. परत आले १९३३ साली. पहिला संग्रह 'शिशिरागम' आला १९३९ साली. उघडून वाचा. पानगळ, विरह, हळवं दुःख. रविकिरण मंडळाच्या अंगणात बसून लिहावी तशी कविता. सहा वर्षं झाली बोटीतून उतरून, तरी एलियटचा पत्ता नाही! मग १९४२ साली 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी येते, तिच्यात मनाचा प्रवाह सरळ कागदावर सोडलाय. आणि 'काही कविता' येतो १९४७ साली. परत आल्यावर चौदा वर्षांनी.

चौदा वर्षं काय करत होता हा माणूस? मुंबईत होता. कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मग रेडिओत नोकरी केली. महायुद्ध आलं. रेशनच्या रांगा आल्या. लोकल गाड्या, चाळी, भोंगे, नळावरची भांडणं, कारकुनांची गर्दी. म्हणजे बोटीने त्याला हत्यार दिलं आणि मुंबईने त्याला काम दिलं. हत्यार चौदा वर्षं ट्रंकेत पडून होतं. जखम समोर आल्यावर ते बाहेर निघालं. आणि ज्या शहरातली यंत्रं त्याने कवितेत आणली, त्या शहराला वीज पुरवणाऱ्यांत आपली मुळशीही होती. बुडालेल्या गावांच्या पाण्यावर मराठी नवकविता उजळली. हे वाक्य तुम्हाला कुठल्या समीक्षेत सापडणार नाही. लिहून घ्या.

आणि भाषा? हा विलायतेहून आलेला माणूस मराठीत लिहायला बसला तेव्हा त्याने अभंग उचलला, ओवी उचलली. तुकारामाच्या छंदात मुंबईचं गटार, पंप, गंज, कंत्राट घातलं. सोवळे लोक चवताळले. अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. ज्या शब्दांना देवघरात बंदी होती ते शब्द त्या माणसाने ओवीत बसवले, ही गोष्ट मी त्याच्या खात्यावर जमा धरतो. शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे, हिशोब करणं अवघड. आपण हिशोब करू.

खर्चाची बाजू अशी. मर्ढेकरांनी गर्दी पाहिली, पण गर्दीत शिरून पाहिली नाही. त्यांच्या कवितेतला गिरणीचा माणूस यंत्राने पिचलेला आहे. खरंच आहे ते. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का? तर तुटलेला धागा धोट्यात ओवताना तोंडाने ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार जास्त त्या खात्यात. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. म्हणजे यंत्र सगळ्यांना पिचत होतं, आणि यंत्राच्या आधी जात पिचत होती. मर्ढेकरांना यंत्र दिसलं. धागा दिसला नाही. बोटीवरही तसंच. दुसऱ्या वर्गाच्या डेकवरून समुद्र दिसतो, कोळसा दिसत नाही.

पुढे त्यांनी सौंदर्यशास्त्र लिहिलं. संवादलय, विरोधलय, समतोललय. कलाकृतीचं सौंदर्य तिच्या घाटात, जगण्याच्या उपयोगात नाही, असा एकंदर रोख. आमच्या कॉलेजात एक सर होते, नाव घेत नाही. ते आमच्या पोरांच्या कविता वाचायचे आणि म्हणायचे, "अनुभव जबरदस्त आहे हो, पण लय नाही." आमचा एक मित्र म्हणाला, "सर, आमच्या वस्तीत विरोधलय भरपूर आहे. समतोललय तेवढी तुमच्याकडे राहिली." वर्ग हसला. सर हसले नाहीत. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घाट पाहिजे की नको? माझं उत्तर, पाहिजे. ढिसाळ लिहून 'हा आमचा विद्रोह' म्हणणं मला मान्य नाही. पण घाट कोणी ठरवायचा, कशाच्या तोलावर, हे भांडण आपलं आहे. बाबूराव बागुलांनी ते मांडलं, शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटवायची घाई करू नका.

आता दुसरी बोट.

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा पोरगा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून निघाला आणि जुलैत न्यूयॉर्कला उतरला. कोलंबिया विद्यापीठ. पलीकडे हार्लेम. १९१६च्या मे महिन्यात तिथल्या चर्चावर्गात त्याने जातीच्या उगमावर निबंध वाचला. मग लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं. पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं होतं. ती बोट बुडवली गेली. पुस्तकं समुद्राच्या तळाला. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, की त्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये हाती आले आणि त्यातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. पुस्तकं बुडाली त्या पैशावर माणूस नोकरीला निघाला! आणि कुठल्या नोकरीला? जिथं शिपाई फायली लांबून फेकायचे.

बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहिले. काठ्या घेऊन माणसं आली, बाहेर काढलं. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात बाबासाहेबांनी हे सांगितलंय. त्यात एक फार महत्त्वाची कबुली आहे. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. समुद्राने पुसली. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर ती पुन्हा आठवली, कारण आता राहायचं कुठं हा प्रश्न होता.

मित्रहो, माझ्या मते आधुनिक मराठी लिखाणाची खरी सुरुवात ही आहे. दोन जगांमधली भेग. एका जगात तू माणूस आहेस, दुसऱ्यात नाहीस, आणि मध्ये फक्त एक धक्का आहे, ज्यावर तू आत्ता उतरलास. तिकडचे नवे लेखक माणूस तुटला, जग तुटलं असं म्हणत होते. त्यांचं तुटणं खरं होतं. पण बाबासाहेबांचं तुटणं बघा. त्यांना 'मी कोण' असा प्रश्न पडत नव्हता. ते कोण आहेत हे बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं, हातात काठी घेऊन.

आणि आता तारखा जुळवा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघतो. शिरोभागी कोण? तुकाराम. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघतो. शिरोभागी कोण? ज्ञानेश्वर. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला माणूस संतांची वाणी डोक्यावर घेऊन बोलायला उभा राहतो. वीस-पंचवीस वर्षांनी मर्ढेकर तेच करतात. दोघं समुद्र ओलांडून गेले, दोघं परत आल्यावर तुकारामाच्या दारात गेले. एकाला तुकारामाकडून छंद हवा होता. दुसऱ्याला मुक्या माणसाचं तोंड उघडायचं होतं. साहित्याचा इतिहास पहिल्याला नवसाहित्याचा प्रवर्तक म्हणतो. दुसऱ्याचं नाव त्या प्रकरणात येतच नाही. ते 'समाजसुधारणा' या प्रकरणात असतं, बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर.

तिसरी बोट सांगतो आणि आवरतं घेतो. १९२३ साली लँग्स्टन ह्यूज हा अमेरिकेतला काळा कवी मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढला, आफ्रिकेला जायला. तो प्रवासी नव्हता, कामगार होता. न्यूयॉर्क मागे पडलं तेव्हा त्याने आपली पुस्तकं समुद्रात फेकून दिली. त्याच्या आत्मचरित्राची सुरुवातच तिथून आहे, आणि आत्मचरित्राचं नावही समुद्राचंच. मला हे वाचल्यावर बाबासाहेबांची बुडालेली पुस्तकं आठवली. एकाने पुस्तकं फेकली कारण त्याला त्यांच्यापासून सुटायचं होतं. एकाची बुडाली आणि तो पुन्हा आयुष्यभर पुस्तकं जमवत राहिला, त्यांच्यासाठी दादरला 'राजगृह' बांधलं. दोघांपैकी बरोबर कोण? दोघंही. ज्याला पुस्तकं हजार वर्षं नाकारली, त्याने ती फेकायची नसतात. आम्ही पुस्तकं फेकण्याची चैन अजून करू शकत नाही.

आता आपल्यावरचा आरोप. तुम्ही पँथर हे नाव अमेरिकेतून आणलंत, तुमचा विद्रोह आयात माल. ब्लॅक पँथर १९६६ साली ओकलंडला निघाली, दलित पँथर १९७२ साली मुंबईत, हे खरंच. नाव घेतलं, लपवलं नाही. पण मर्ढेकरांनी एलियट आणला तर ती नवता, आणि आम्ही ब्लॅक पँथर आणली तर ती नक्कल, हा न्याय कुठला? आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा तो पुरच्या महारवाड्यातून मुंबईला आलेला, टॅक्सी चालवणारा पोरगा होता. समुद्र ओलांडलेला नव्हता. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिलं. पण 'फकिरा' त्याच्या आधीच लिहून झाला होता, आणि त्यांचा खरा मोठा प्रवास वाटेगाव ते मुंबई, पायी. आपल्या बापजाद्यांनी समुद्र पाहिला तो गोदीतून, पाठीवर गोणी घेऊन. बोट भरली त्यांनी, बोटीत बसले दुसरे.

मग आयात वाईट की चांगली? कसोटी सांगतो, आणि ती याच तालुक्यात उभी आहे. दासव्याला जा. लवासा. इटलीतल्या पोर्टोफिनो या समुद्रकाठच्या बंदराची नक्कल करून डोंगरात बांधलेलं शहर. समुद्र नाही, बोट नाही, कोळी नाही. फक्त रंगवलेल्या भिंती आणि अडवलेलं पाणी. आदिवासी-शेतकऱ्यांच्या जमिनींचे तंटे झाले, २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ही वाईट आयात. तिकडचा देखावा आणला, तिकडच्या माणसाचं जगणं आणलं नाही, आणि इकडच्या माणसाला हुसकलं. आता बाबासाहेबांची आयात बघा. स्वातंत्र्य, समता, बंधुता. यातली एक तरी भिंत नुसती रंगवलेली आहे का? २० मार्च १९२७ला महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा ती आयात इथल्या मातीत रुजली. शब्द तिकडून आला आणि त्याने इकडचं पाणी मोकळं केलं. लवासाने इकडचं पाणी अडवलं. एवढी कसोटी पुरे. कविता असो की शहर, बाहेरून आणलेल्या गोष्टीने इथलं पाणी मोकळं होतं की अडतं, ते बघायचं.

तुमच्यातले चार-पाच जण परदेश शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताहेत, मला माहीत आहे. जरूर भरा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हमीपत्र, सगळ्या टेबलांवरून फिरा, पण भरा. आता बोट नाही. काही तासांत विमान लंडनला टाकतं. त्यात एक तोटा आहे. बोटीवर दोन-तीन आठवडे मिळायचे, माणूस कोण होता आणि कोण होणार याचा विचार करायला. तुम्हाला तो वेळ मिळणार नाही. म्हणून तो मुद्दाम काढा. तिकडे तुम्हाला जातीशिवाय एक दिवस मिळेल. कदाचित पूर्ण वर्ष मिळेल. कदाचित आपलेच देशी लोक तिकडेही आडनाव विचारतील, तेही होतं. जो दिवस मिळेल तो लिहून ठेवा. तारीख टाकून. तो पुरावा आहे. ज्याने एकदा माणूस म्हणून दिवस काढला, त्याला परत आल्यावर 'हे असंच असतं' असं कोणी पटवू शकत नाही.

आणि जे जाणार नाहीत, इथंच राहणार, त्यांना एक काम देतो. उद्या सकाळी चहानंतर दोघा-दोघांनी जवळच्या वस्त्यांत जायचं. धरणात बुडालेल्या गावांची नावं विचारायची. गावकुसाबाहेर कोण राहत होतं, ते कुठं गेले, मुंबईला गेले तर कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, ते विचारायचं. जात्यावरची ओवी कोणा म्हातारीला आठवत असेल तर पाय धरून बसायचं आणि उतरवून घ्यायची. एकही शब्द सुधारायचा नाही. दुपारी दोन वाजता इथंच जमू आणि प्रत्येकाने आपली वही मोठ्याने वाचायची. मर्ढेकरांची ओवी आपण वाचलीय. आता बुडालेल्यांची ओवी ऐकू.

जय भीम.